पिन बाहेर होती

आधीच सांगून टाकते... मी असल्या गोष्टी मानत नाही. आजही नाही. माझं माहेर भडगावचं, सासर धुळ्याचं, आणि दोन्ही घरं बौद्ध. अंगात येणं, उतारे, दृष्ट काढणं हे कुठल्याच घरात नव्हतं. माझे सासरे, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणायचो, ते तर या बाबतीत फारच कडक. आमच्या लग्नानंतर शेजारच्या बाई हौसेने मीठ-मोहऱ्या मुठीत घेऊन माझी दृष्ट काढायला आल्या होत्या. नानांनी त्यांना बसवलं, चहा पाजला, बराच वेळ समजावलं आणि शेवटी मीठ परत डब्यात टाकायला लावलं. अशा घरातली मी.

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचते. बहुतेकांत रात्र असते, सुनसान रस्ता असतो, कुणीतरी पाठमोरं उभं असतं. माझ्या अनुभवात तसलं काहीच नाही. भर दुपार आहे, फुल स्पीडवरचा पंखा आहे, ताकाचे ग्लास आहेत... आणि एक कॉम्प्युटर आहे. भीतीही वाटली नव्हती म्हणा ना. तरीही हे लिहितेय, कारण इतक्या वर्षांत मला त्याचा उलगडा झालेला नाही.

साल १९९६. धुळ्यात देवपूरला आमचं घर. पुढची खोली रस्त्याला लागून, तिथे मी कॉम्प्युटर क्लास चालवायची. गल्लीत तेव्हा दुसरा कॉम्प्युटर नव्हता. क्लासमधला एक चांगला होता, रंगीत मॉनिटरचा, साउंड कार्ड बसवलेला. त्याच्यावर मुलांना मी फक्त परीक्षेच्या आधी बसू द्यायची. मी स्वतः इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला. त्यामुळे मशीन बिघडलं तर कुणाला बोलवायचं नाही, स्क्रू-ड्रायव्हर घ्यायचा आणि उघडायचं, अशी माझी सवय. नवरा प्रमोद शाळेत विज्ञान शिकवायचा. घरात आम्ही दोघं, नाना आणि सासूबाई. त्यांना आम्ही अक्का म्हणायचो.

नाना एसटीचे ड्रायव्हर. उभी नोकरी बहुतेक धुळे–जळगाव रोडवर काढलेली. रिटायर होऊन वर्षही झालं नव्हतं आणि त्या हिवाळ्यात त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली. पाय हळूहळू सावरला, काठी घेऊन घरातल्या घरात चालायला लागले. पण उजवा हात तसाच लोंबकळत राहिला आणि वाचा गेली ती गेलीच. ‘हां’ आणि ‘नही’ एवढे दोनच शब्द उरले. तेही कधी उलटसुलट यायचे. हो म्हणायचं असलं की तोंडातून ‘नही’ निघायचं, आणि मग स्वतःवरच चिडून ते भिंतीकडे तोंड करून बसायचे.

डॉक्टरांनी प्रमोदला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं की पहिले काही महिनेच काय ते महत्त्वाचे. हात हलवत ठेवला तर काहीतरी परत येईल, नाहीतर आखडून जाईल. त्यांनी एक रबरी चेंडू दिला, दाबायला. नानांनी तो चेंडू डाव्या हाताने उचलून खिडकीबाहेर टाकला. अक्कांनी परत आणला, त्यांनी परत टाकला. तिसऱ्यांदा गल्लीतल्या पोरांनी उचलला आणि क्रिकेट सुरू केलं. मला नानांचा राग यायचा नाही. ज्या माणसाने एवढी मोठी गाडी भरल्या पॅसेंजरनिशी घाटातून उतरवली, त्याने एका जागी बसून चेंडू दाबायचा... त्यांना तो अपमान वाटत असणार. पण दिवस जात होते, आणि त्यांची बोटं आतल्या बाजूला वळायला लागली होती. अक्का रोज तेल लावून ती उघडायच्या, ती परत मिटायची.

तेव्हा माझा भाऊ दीपक पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. तो भडगावला जाताना वाटेत आमच्याकडे उतरला, तो एक जॉयस्टिक घेऊनच. आजच्या पोरांना माहीत नसेल... खाली चौकोनी बैठक, वर उभा दांडा, दांड्याला बटण, आणि मागून जाड वायर. वायरीच्या टोकाला पंधरा टोकांची रुंद पिन. ती कॉम्प्युटरच्या मागे साउंड कार्डाला लागायची. सोबत गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम होता. दीपकने तो मला विरंगुळा म्हणून दिला होता. पण दांडा बघितल्याबरोबर माझ्या डोक्यात नाना आले. चेंडू दाबायला लाज वाटते, पण गाडी चालवायला?

दीपक घाईत होता, लावून देणं झालं नाही. दुसऱ्या दिवशी क्लास सुटल्यावर मीच लावायला घेतली. आणि तिथून माझी खरी परीक्षा सुरू झाली.

गेमच्या सेटिंगमध्ये एक पडदा होता. त्यावर एक चौकोन, आणि चौकोनात एक फुली. दांडा जिकडे न्यावा तिकडे फुली जायला हवी. आमची फुली उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात जाऊन बसली ती हलेचना. मी पिन काढून परत घट्ट लावली. स्क्रू आवळले. मशीन बंद करून चालू केलं. कार्डाच्या ड्रायव्हर-प्रोग्रामची फ्लॉपी परत टाकली. काही नाही. मग लक्षात आलं की आमच्या मशीनमध्ये दुसऱ्या एका कार्डावरही जॉयस्टिकची सोय आहे, आणि दोन्ही कार्डं एकाच पत्त्यावर भांडत असणार. कॅबिनेट उघडलं, त्या कार्डावरचा जंपर म्हणजे छोटी टोपी काढून ती सोय बंद केली. तरी फुली कोपऱ्यातच. साउंड कार्ड काढून, पुसून, शेजारच्या खाचेत बसवलं. आवाज छान यायला लागला, फुली मात्र ढिम्म. प्रमोद म्हणाला की दीपकने बिघडलेला माल खपवला. मला ते लागलं.

दोन-चार दिवस असेच गेले. शेवटी एका दुपारी मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून दीपकला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एक साधी गोष्ट सुचवली. पिन पूर्ण बाहेर काढ आणि मग पडदा बघ. पिन नसताना फुली कोपऱ्यातच जाणार, हा नियम. पिन लावल्यावरही ती तिथेच असेल, तर याचा अर्थ कार्डाला जॉयस्टिक दिसतच नाहीये. म्हणजे कार्डाचं तोंड खराब.

घरी आले, तसं केलं. पिन काढली आणि मॉनिटरच्या बाजूला टेबलावर ठेवली. फुली कोपऱ्यातच. म्हणजे दीपकचं म्हणणं खरं होतं, कार्डाचं तोंडच गेलेलं. मी हिरमुसले. पडदा तसाच ठेवून आत ताक करायला गेले.

नाना दुपारी त्याच खोलीत बसायचे, कारण घरातला बरा पंखा तिथे होता. मी ताकाचे ग्लास घेऊन बाहेर आले तर ते माझ्या खुर्चीत बसलेले. त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून त्या दांड्यावर ठेवला होता. एखाद्या झोपलेल्या मुलाचा हात उचलून ठेवावा तसा. आणि पडद्यावरची फुली हलत होती.

कोपऱ्यातून निघून ती मधोमध आली होती. तिथून थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे. मी दारातच थांबले. माझ्या मनात पहिला विचार आला तो आनंदाचा — चला, चालू झालं! पिन लावली होती की काढली होती हे त्या क्षणी डोक्यातच नव्हतं. मी पुढे होऊन कीबोर्डवरून गेम सुरू करून दिला आणि कीबोर्ड उचलून वरच्या फळीवर ठेवला, म्हणजे त्यांना जागा होईल.

पडद्यावर रस्ता आला. परदेशातला रस्ता, एका बाजूला निळा समुद्र, दुसऱ्या बाजूला उंच झाडं. नाना पुढे झुकले. गाडी निघाली. पहिलं वळण आलं आणि ती अगदी अलगद वळली. दुसरंही. मी त्यांच्या हाताकडे बघितलं... मनगट हलत होतं. कितीतरी महिन्यांनी. जेमतेम, पण हलत होतं. अंगठा बटणावर होता.

मी ताकाचा ग्लास ठेवायला टेबलावर जागा शोधली, आणि मॉनिटरशेजारी ती पिन पडलेली दिसली.

खरं सांगते, मी तिच्याकडे किती वेळ बघत उभी होते मला आठवत नाही. मी वाकून कॅबिनेटच्या मागे बघितलं. कार्डाचं तोंड रिकामं. वायर हातात घेऊन दांड्यापर्यंत चाचपली. तीच वायर. दुसरी वायरच नव्हती. वर पडद्यावर नाना एका लाल गाडीला बाजू देत होते.

मला बोलता आलं असतं. पण मी बोलले नाही. वाटलं, आपण तोंड उघडलं आणि हे थांबलं तर? मी मुकाट्याने खाली जमिनीवर बसले. तेवढ्यात अक्का आल्या. त्यांना ना पिनेचं कळत होतं ना फुलीचं. त्यांनी फक्त नवऱ्याचा हात बघितला. भिंतीला टेकून त्या माझ्या शेजारी बसल्या आणि पदराने डोळे पुसत हळूच म्हणाल्या, “पोरी, हात हालना ना त्यासना.”

संध्याकाळी प्रमोदला सांगितलं. तो हसला नाही, पण विज्ञानाचा मास्तर तो, त्याने माझ्या डोक्याला हात लावून ताप बघितला. मग आम्ही दोघांनी करून बघितलं. पिन लावून, पिन काढून, त्याच्या हाताने, माझ्या हाताने. फुली कोपऱ्यातच. तो म्हणाला, तू थकलीयस.

दुसऱ्या दिवशी त्याने शाळेतून अर्धी रजा घेतली. नाना जेवून खुर्चीत बसले. प्रमोदने आधी पिन लावून दिली. फुली हलली नाही, नाना वैतागले, दांडा सोडून देत होते. मग प्रमोदने पिन काढली आणि ती स्वतःच्या मुठीत घट्ट धरून खुर्चीमागे उभा राहिला. नानांनी परत हात ठेवला. फुली सरळ मधोमध आली.

प्रमोद तसाच उभा होता, मुठीत पिन धरून... पतंगाचा मांजा धरून मूल उभं असतं ना, तसा. नाना गाडी चालवत होते. प्रमोदच्या चेहऱ्यावर मी आधी अविश्वास बघितला, मग थोडी भीती, आणि मग हळूहळू त्याचं लक्ष पडद्यावरून निघून वडिलांच्या हातावर गेलं. त्यानंतर तो पडद्याकडे बघायचं विसरलाच. रात्री जेवताना तो मला एवढंच म्हणाला, “कसं ते आपण नंतर शोधू. आता बंद नको करायला.”

मग तो उन्हाळा आमच्या घरात असाच गेला. दुपारचा क्लास मी सकाळी घेतला. जेवणं झाली की नाना आपणहून खुर्चीत येऊन बसायचे, डावा हात उजव्याला उचलून दांड्यावर ठेवायचा, आणि गाडी निघायची. काही आठवड्यांनी डाव्या हाताची मदत लागेना. उजवा हात स्वतःच टेबलावरून सरपटत दांड्यापर्यंत जायला लागला.

आणि एक दिवस वळण घेताना नाना म्हणाले, “फागणे.”

मी शेजारी बसून पेपर तपासत होते. मला वाटलं भास झाला. थोडा वेळ गेला आणि ते परत म्हणाले, “मुकटी.” स्पष्ट. मी पेपर बाजूला ठेवले. धुळ्याहून जळगावला जाताना पहिलं फागणे, मग मुकटी, हे इथल्या कुणालाही माहीत आहे. पडद्यावर समुद्र होता, पण नाना त्यांच्या रोडवर होते. मग त्यांनी गाडी थांबवली. शर्यतीतल्या बाकीच्या गाड्या भुर्रकन पुढे गेल्या आणि आमची गाडी कडेला उभी. मी विचारलं, नाना, काय झालं? ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “पारोळा.” थोडं थांबले. पॅसेंजर चढायला जेवढा वेळ लागतो तेवढं. आणि निघाले.

मला हसू आलं आणि रडूही आलं. शर्यतीत नाना रोज शेवटचे यायचे, कारण पारोळा, एरंडोल आणि पाळधीला त्यांची गाडी थांबायचीच. अक्कांना याचा इतका नाद लागला की त्या दुपारची झोप सोडून येऊन बसायच्या. जळगाव आलं की नाना दांडा सोडायचे आणि अक्का त्यांच्या हातात ग्लास द्यायच्या. आधी डाव्या हातात, मग उजव्या. उजव्या हातातून बरेच दिवस सांडायचं. मग कमी कमी सांडायला लागलं. थांब्यांची नावं बोलता बोलता बाकीचे शब्दही मागोमाग आले. पाऊस सुरू झाला तेव्हा नाना पूर्ण वाक्य बोलत होते. थोडं अडखळत, पण आपल्या अहिराणीत. डॉक्टरांनी हात उलटसुलट करून बघितला आणि व्यायाम काय केला म्हणून विचारलं. प्रमोदने सांगितलं की ते गाडी चालवतात. डॉक्टर हसले, त्यांना ती थट्टा वाटली.

पावसाळ्यातच केव्हातरी ते थांबलं. नानांनी नेहमीसारखा हात ठेवला आणि फुली कोपऱ्यातून निघाली नाही. त्यांनी दोन-तीनदा दांडा हलवला, थोडा वेळ वाट बघितली, मग काठी घेऊन उठले आणि ओट्यावर जाऊन बसले. वाईट वाटल्यासारखं काही दिसलं नाही. आम्ही नंतरही करून बघितलं, पण ती परत कधी हलली नाही.

दिवाळीला दीपक आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. त्याने आधी कार्ड तपासलं. तोंड खरोखरच मेलेलं होतं. जॉयस्टिक मात्र त्याच्याकडच्या मशीनला नंतर व्यवस्थित चालली, म्हणजे ती चांगली होती. मग तो कारणं शोधायला लागला. म्हणाला, पिन उघडी असली की हवेतले सिग्नल पकडते. मी म्हटलं, पकडू दे, पण उघडी पिन नानांच्या मनगटाबरोबर कशी वळेल? मग म्हणाला, गेम आपोआप चालतो, डेमो असतो, तुम्हाला वाटलं नाना चालवतायत. हे मलाही आधी पटण्यासारखं वाटलं होतं. पण डेमोतली गाडी पारोळ्याला थांबत नाही, दीपक. त्याने तो मुद्दा सोडला. म्हणाला, नाना डाव्या हाताने कीबोर्ड दाबत असतील. कीबोर्ड फळीवर होता. शेवटी तो म्हणाला की ताई, तू सांगतेस म्हणून ऐकतो, दुसऱ्याने सांगितलं असतं तर उठून गेलो असतो.

नानांशी आम्ही पिनेबद्दल कधी बोललोच नव्हतो. त्या हिवाळ्यात, ते चांगले सावरल्यावर, एकदा ओट्यावर ऊन खात बसले होते तेव्हा मी सांगितलं. नाना, तुम्ही सगळा उन्हाळा गाडी चालवली ना, तेव्हा वायर जोडलेलीच नव्हती. मला वाटलं ते रागावतील, किंवा मला वेड्यात काढतील. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. उजव्या हाताची बोटं उघडून मिटून बघितली.

“मी डायवर,” ते म्हणाले. “मी गाडी चालाडी ऱ्हायंतू. वायर दखानं काम मिस्तरीनं शे.”

म्हणजे गाडी चालवणं हे त्यांचं काम, वायर बघणं मेकॅनिकचं. थोड्या वेळाने मात्र त्यांच्यातला जुना कडक माणूस जागा झाला आणि मला बजावून म्हणाले, “पण कोणले सांगू नको. लोके नारळ फोडाले येतीन.”

मी शब्द पाळला. नाना त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. उजव्या हाताने सही करायचे, जेवायचे, नातवंडांना बाराखडी गिरवून द्यायचे. शेवटही शांतपणे, झोपेत झाला. आता अक्काही नाहीत. प्रमोदला विचारून मगच हे लिहिलंय. तो म्हणाला, लिही, पण मुठीत पिन होती ती माझ्या, हे नक्की लिही.

आमची काही पूजाअर्चा नव्हती, नवस नव्हता, घरात कुणी गेलेलं माणूस आलं असंही मला कधी वाटलं नाही. मेंदूचे एक डॉक्टर ओळखीचे झाले तेव्हा त्यांनाही विचारलं. हात कसा परत आला ते त्यांनी नीट समजावून सांगितलं आणि ते मला पटलंही. पण फुली का हलली, हे त्यांना सांगता आलं नाही. मलाही येत नाही.

मी अजूनही कॉम्प्युटर शिकवते. आता वायरी कमी झाल्या, तरी एखादं पोरगं दिवसातून एकदा तरी हाक मारतंच — मॅडम, कनेक्ट होत नाहीये. मी खुर्चीतूनच सांगते, आधी पिन नीट लागलीय का बघ. ते वाकून बघतं, पिन ढिली असते, लावल्यावर चालू होतं. नव्व्याण्णव वेळा तेच कारण असतं.